तोडलं तरी ऊर्जा, जोडलं तरी ऊर्जा: मग चक्र का चालत नाही?

अणुऊर्जेबद्दल शाळेत दोन वाक्यं हमखास शिकवली जातात. जड अणूचं केंद्रक फोडलं की ऊर्जा बाहेर पडते, आणि हलकी केंद्रकं एकमेकांत मिसळली की तेव्हाही ऊर्जा बाहेर पडते. पहिलं विखंडन म्हणजे फिशन, दुसरं संमीलन म्हणजे फ्यूजन. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण शेजारीशेजारी ठेवली की चौकस विद्यार्थी लगेच विचारतो: मग आधी जोडायचं आणि ऊर्जा घ्यायची, मग तेच फोडायचं आणि पुन्हा ऊर्जा घ्यायची, असं चक्र का नाही चालवता येत? प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. ‘वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं’ एवढं सांगून मात्र तो सुटत नाही, कारण त्या वाक्यात हिशेब आहे, कारण नाही.

कारण शोधायचं तर केंद्रकात शिरावं लागतं. तिथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर भार नसतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे नुसतं विद्युतबल असतं तर हायड्रोजनच्या पुढे एकही मूलद्रव्य टिकलं नसतं. केंद्रक टिकतं ते तीव्र केंद्रकीय बलामुळे. हे बल प्रोटॉन-न्यूट्रॉन असा भेद न करता सगळ्यांना एकमेकांकडे ओढतं, आणि अगदी जवळून ते विद्युतबलापेक्षा कितीतरी जोरकस असतं. पण त्याचा पल्ला फार आखूड आहे. दोन-तीन फेम्टोमीटरच्या पलीकडे ते जवळजवळ नाहीसं होतं. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. विद्युतबलाचं तसं नाही. ते अंतराबरोबर कमी होत जातं, पण संपत नाही.

एक बल आखूड पल्ल्याचं आणि जोरकस, दुसरं लांब पल्ल्याचं आणि त्यामानाने दुबळं. सगळी गोष्ट या फरकात आहे. केंद्रकातला प्रत्येक कण तीव्र बलाने फक्त आपल्या लगतच्या शेजाऱ्यांना धरून ठेवतो. प्रोटॉन मात्र केंद्रकातल्या प्रत्येक दुसऱ्या प्रोटॉनला ढकलतो, मग तो लगतचा असो की पार पलीकडच्या टोकाचा. हीलियममध्ये २ प्रोटॉन, म्हणजे एकमेकांना ढकलणारी जोडी एकच. लोखंडात २६ प्रोटॉन, म्हणजे जोड्या ३२५. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन, आणि जोड्या ४,१८६. लोखंडापासून युरेनियमपर्यंत प्रोटॉनची संख्या साडेतीन पट झाली, पण ढकलाढकल जवळजवळ तेरा पट. प्रत्येक कणाला ओढणारे शेजारी मात्र तेवढेच राहिले.

हलक्या केंद्रकांची अडचण याच्या उलट असते. तिथे ढकलणारे कमी, पण शेजारीही कमी. मोजकेच कण असले की बहुतेक सगळे पृष्ठभागावरच असतात, आणि त्यांची एक बाजू उघडी पडते. ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. दोघांनाही शेजारी एकच.

म्हणजे फार लहान केंद्रक ढिलं, फार मोठं केंद्रकही काहीसं ढिलं, आणि मधल्या आकाराची केंद्रकं सगळ्यात घट्ट. डोळ्यांसमोर एक दरी आणा. तळाशी लोखंड आणि निकेल. डावीकडचा उतार अतिशय तीव्र, त्याच्या माथ्यावर हायड्रोजन. उजवीकडचा उतार लांब आणि मंद, त्याच्या टोकाला युरेनियम. दगड कोणत्याही बाजूने तळाकडे घरंगळला तरी ऊर्जा बाहेर टाकतो. फ्यूजन म्हणजे डावीकडून उतरणं, फिशन म्हणजे उजवीकडून उतरणं. आता विद्यार्थ्याच्या चक्राचं काय होतं ते पाहा. हायड्रोजन जोडून हीलियम केलं आणि तेच फोडायला गेलं, तर पुन्हा डावा उतार चढावा लागतो आणि मिळालेली सगळी ऊर्जा परत भरावी लागते. युरेनियमच्या तुकड्यांचंही तसंच. ते पुन्हा एक करायचे तर जेवढं मिळालं तेवढंच परत घालावं लागतं. दोन्ही क्रिया ऊर्जा देतात त्या वेगवेगळ्या अणूंच्या बाबतीत. एकाच अणूच्या बाबतीत एक दिशा देणारी असते आणि उलटी दिशा घेणारी.

या दरीची खोली मोजता येते. त्यासाठी एकक लागतं. अणूंच्या जगात ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात, आणि दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एक एमईव्ही. केंद्रकातले सगळे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा म्हणजे त्याची बंधन ऊर्जा. तिला कणांच्या संख्येने भागलं की एका कणामागचा घट्टपणा कळतो. ड्युटेरियममध्ये तो १.१ एमईव्ही, हीलियममध्ये एकदम ७.१, लोखंड-निकेलच्या आसपास ८.८, आणि युरेनियमपर्यंत जाताना हळूहळू घसरत ७.६. इथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला दिसतो. बंधन ऊर्जा म्हणजे केंद्रकात साठवून ठेवलेली ऊर्जा असं अनेकांना वाटतं. खरं तर ती केंद्रक बनताना बाहेर निघून गेलेली ऊर्जा आहे. ज्या केंद्रकाची बंधन ऊर्जा कणामागे जास्त, त्याच्याकडे द्यायला उरलेलं कमी.

आता वस्तुमानाकडे येऊ. दोन सुटे प्रोटॉन आणि दोन सुटे न्यूट्रॉन यांचं एकत्र वस्तुमान ४.०३१९ अणुवस्तुमान एकक भरतं. याच चार कणांचं बनलेलं हीलियमचं केंद्रक मोजलं तर ४.००१५. कण तेच, संख्या तीच, पण ०.०३०४ एकक गायब, म्हणजे पाऊण टक्का. एक एकक म्हणजे ९३१.५ एमईव्ही, तेव्हा ही तूट २८.३ एमईव्ही इतकी होते, आणि हीलियमची बंधन ऊर्जा नेमकी तेवढीच आहे. कोणताही कण नष्ट झालेला नाही. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण ‘पदार्थ नष्ट होऊन ऊर्जा होते’ हे चित्र जागोजागी भेटतं. युरेनियमचं केंद्रक फुटलं तरी आधी जेवढे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून होते, तेवढेच नंतरही सापडतात. बदलते ती त्यांची मांडणी. घट्ट मांडणीत एकूण ऊर्जा कमी असते, आणि कमी ऊर्जा असलेल्या वस्तूचं वस्तुमानही कमी असतं. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये हेच सांगितलं होतं, आणि ते फक्त अणुभट्टीपुरतं खरं नाही. कोळसा जळतानाही वस्तुमान घटतं. कार्बनच्या एका अणूचा ऑक्सिजनशी संयोग झाला की सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, आणि तेवढीच तूट येते. ती इतकी सूक्ष्म असते की तराजूला पत्ता लागत नाही. युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की सुमारे २०० एमईव्ही मिळतात, म्हणजे कोळशाच्या अणूच्या पाच कोटी पट.

हा २०० चा आकडा पहिल्यांदा ज्या प्रकारे निघाला, ती विज्ञानाच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी आकडेमोड आहे. १९३८ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं. युरेनियमचा क्रमांक ९२, बेरियमचा ५६. एवढी मोठी उडी कुणालाच अपेक्षित नव्हती. हान यांनी पत्र लिहून हे भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर यांना कळवलं. माइटनर अनेक वर्षं त्यांच्या सहकारी होत्या, पण ज्यू वंशाच्या असल्यामुळे त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना जर्मनी सोडून पळावं लागलं होतं, आणि त्या स्वीडनमध्ये होत्या. नाताळच्या सुट्टीत त्यांचा भाचा ओटो फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ, भेटायला आला. बर्फातून फिरता फिरता दोघांनी कागदाच्या तुकड्यांवर हिशेब मांडला.

त्यांनी केंद्रकाकडे द्रवाच्या थेंबासारखं पाहिलं. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवतो, विद्युतभार त्याला ताणतो. युरेनियममध्ये हे दोन्ही जवळजवळ बरोबरीला आलेले असतात. एक न्यूट्रॉन आत शिरला की थेंब डचमळतो, लांबट होतो, मधे कंबर बारीक होते. कंबर तुटली की तीव्र बलाचा आखूड पल्ला संपतो, आणि उरतं ते फक्त विद्युतबल. समजा एका तुकड्यात ५६ प्रोटॉन आहेत, दुसऱ्यात ३६, आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर १७ फेम्टोमीटर. दोन प्रोटॉन एक फेम्टोमीटरवर असले तर त्यांच्यातली ऊर्जा १.४४ एमईव्ही असते. तेव्हा ५६ गुणिले ३६ गुणिले १.४४, भागिले १७. उत्तर येतं १७१ एमईव्ही. तुकडे एकमेकांना झिडकारून एवढ्या ऊर्जेने दूर फेकले जातात.

मग माइटनर यांनी दुसऱ्या वाटेने पडताळा घेतला. केंद्रकांच्या वस्तुमानांचं सूत्र त्यांना पाठ होतं. त्यावरून दोन्ही तुकड्यांचं मिळून वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांशाने कमी भरत होतं. एक पंचमांश प्रोटॉन म्हणजे जवळपास २०० एमईव्ही. दोन वेगळ्या वाटा, आणि उत्तर एकाच ठिकाणी. ऊर्जा येते कुठून, तर प्रोटॉनांच्या आपसातल्या विद्युत ढकलण्यातून. वस्तुमानातली तूट ही त्याच गोष्टीची हिशेबवहीतली नोंद. म्हणून ‘अणुऊर्जा’ या नावाखाली अणुभट्टीत जे बाहेर पडतं, ते बव्हंशी विद्युतबलाने दिलेलं असतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. १९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. माइटनर यांच्यावर तो उघड अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

फेकले गेलेले तुकडे प्रकाशाच्या वेगाच्या तीन ते पाच टक्के वेगाने सुटतात, पण इंधनातल्या अणूंना धडका देत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाऊन थांबतात. धडकांमुळे सगळे अणू थरथरू लागतात, आणि ती थरथर म्हणजेच उष्णता. तिथून पुढे पाणी, वाफ आणि टर्बाइन, म्हणजे कोणत्याही औष्णिक वीजकेंद्रासारखंच. एक किलो युरेनियम-२३५ (म्हणजे केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून २३५ कण असलेलं युरेनियम) पूर्ण फुटलं तर साधारण तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते, आणि एवढं होऊन वस्तुमान घटतं एक ग्रॅमपेक्षाही कमी.

सगळं युरेनियम मात्र असं सहज फुटत नाही. फुटण्याआधी थेंबाला लांबट व्हावं लागतं, आणि त्यासाठी सहा एमईव्हीच्या आसपासचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन शिरला की तो आपल्याबरोबर बंधनाची सुमारे साडेसहा एमईव्ही ऊर्जा आणतो, कारण त्याला आत जोडीदार न्यूट्रॉन मिळतो. उंबरठा लगेच पार होतो, न्यूट्रॉन कितीही संथ असला तरी. युरेनियम-२३८ मध्ये आधीच सगळे न्यूट्रॉन जोडीने असतात, त्यामुळे नव्या पाहुण्याकडून ४.८ एमईव्हीच मिळतात आणि काम अडतं. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण फक्त ०.७ टक्के असतं. समृद्धीकरणाचा, म्हणजे हे प्रमाण वाढवण्याचा, सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

प्रत्येक विखंडनात सरासरी दोन ते तीन न्यूट्रॉन बाहेर येतात आणि ते पुढची केंद्रकं फोडतात. ही साखळी अभिक्रिया सगळ्यांनी ऐकलेली असते. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिल्यांदा नियंत्रित स्वरूपात चालवली. साखळी काबूत कशी राहते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही, आणि ते खरोखर विलक्षण आहे. समजा प्रत्येक पिढीत न्यूट्रॉन फक्त ०.१ टक्क्याने वाढतात, आणि एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात उरकते. मग एका सेकंदात दहा हजार पिढ्या होतील आणि अणुभट्टीची शक्ती जवळजवळ २२,००० पट वाढेल. न्यूट्रॉन शोषून घेणारी कोणतीही नियंत्रक कांडी तेवढ्या झपाट्याने आत सरकवता येत नाही. पण निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. दर हजार न्यूट्रॉनांपैकी सहा-सात न्यूट्रॉन लगेच बाहेर पडत नाहीत. ते काही तुकड्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासानंतर सुटतात, कधी सेकंदाच्या अंशाने, कधी मिनिटभराने. साखळी चालू राहायला या उशिरा येणाऱ्यांची गरज पडेल, अशा बेताने अणुभट्टी चालवतात. मग तीच ०.१ टक्क्याची वाढ सेकंदाला एक-दीड टक्का एवढीच होते, आणि कांड्यांना पुरेसा अवधी मिळतो. हे मूठभर न्यूट्रॉन नसते तर अणुवीज शक्यच झाली नसती असं म्हणायला हरकत नाही.

तुकड्यांची दुसरी बाजू तेवढी सुखाची नाही. ते किरणोत्सर्गी असतात, आणि साखळी बंद केल्यावरही त्यांच्यातून उष्णता येत राहते. बंद केल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, आणि दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमात अणुभट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या. ही उरलेली उष्णता काढून नेता आली नाही, म्हणून इंधन वितळलं.

मग युरेनियम उजव्या उतारावर इतक्या वर चढलं कसं? चढायला ऊर्जा लागते, ती कुणी दिली? मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात फ्यूजन होत होत मजल लोखंड-निकेलपर्यंत जाते आणि थांबते, कारण दरीचा तळ आला. पुढे जोडून काही मिळत नाही. आतून आधार देणारी उष्णता आटली की गाभा स्वतःच्या वजनाखाली कोसळतो. अशा कोसळण्यांत, आणि न्यूट्रॉन तारे (अशा कोसळलेल्या गाभ्यांचे अतिशय घन अवशेष) एकमेकांवर आदळतात तेव्हा, न्यूट्रॉनांचा प्रचंड पूर येतो, आणि त्या पुरात काही क्षणांत जड मूलद्रव्यं घडतात. २०१७ मध्ये अशी एक टक्कर गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश या दोन्हींतून पाहायला मिळाली, आणि तिच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं नव्याने घडल्याच्या खुणा सापडल्या. चढाईचा खर्च गुरुत्वाकर्षणाने केला होता. अणुभट्टीत आपण तोच वसूल करतो.

आता डावा उतार. तो तीव्र आहे, म्हणून फ्यूजनची मिळकत वजनाच्या हिशेबात जास्त. सर्वांत सोयीची जोडी ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ट्रिटियम म्हणजे दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन. ड्युटेरियमची बंधन ऊर्जा २.२ एमईव्ही, ट्रिटियमची ८.५, आणि जोडून होणाऱ्या हीलियमची २८.३. वजाबाकी केली की १७.६ एमईव्ही उरतात, आणि एक न्यूट्रॉन सुटा होतो. फिशनच्या २०० पुढे हा आकडा लहान दिसतो, पण इथे कण पाचच आहेत. कणामागे साडेतीन एमईव्ही, फिशनमध्ये एकाहूनही कमी. तेवढ्याच वजनाच्या इंधनातून फ्यूजन सुमारे चौपट ऊर्जा देतं.

अडचण सुरुवातीला आहे. तीव्र बलाने पकडण्याआधी दोन्ही केंद्रकांना विद्युत ढकलण्याला न जुमानता अगदी जवळ यावं लागतं. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश सेल्सिअस असतं, तरी तिथल्या प्रोटॉनांची सरासरी ऊर्जा त्या अडथळ्यापेक्षा शेकडो पटींनी कमी पडते. सूर्य तरीही तळपतो, कारण क्वांटम नियमांनुसार कणाला अडथळ्याच्या आरपार निसटून जाण्याची थोडी शक्यता असते. त्यात भर म्हणजे दोन प्रोटॉन भेटले की त्याच क्षणी त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते क्वचितच घडतं. गाभ्यातला एखादा प्रोटॉन सरासरी शेकडो कोटी वर्षं वाट पाहतो. म्हणूनच सूर्य एकदम भडकून संपून गेला नाही. एवढ्या संथपणानेही तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हीलियम होतं आणि सूर्याचं वस्तुमान ४० लाख टनांहून अधिक घटतं.

पृथ्वीवर आपल्याला एवढी सवड नाही आणि सूर्याएवढं वजनही नाही. म्हणून दहा ते पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावं लागतं. इतक्या तापलेल्या वायूला कोणतंही भांडं धरू शकत नाही, तेव्हा एक तर चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवायचं, किंवा लेझरने क्षणार्धात चिरडायचं. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल टाकले आणि फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. ही ऐतिहासिक मजल होती, याबद्दल वाद नाही. पण ते लेझर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, हा आकडाही त्याच बातमीत सांगायला हवा.

वीज करायची तर आणखी एक पेच आहे. १७.६ पैकी १४.१ एमईव्ही तो सुटा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याच्यावर भार नाही, म्हणून चुंबक त्याला अडवत नाहीत. तो भोवतीच्या जाड आवरणात शिरून थांबतो, आणि उष्णता तिथून काढायची असते. त्याच आवरणात लिथियम ठेवलं की न्यूट्रॉन लिथियम फोडून नवं ट्रिटियम तयार करतो. ही जोडणी ऐच्छिक नाही. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही, आणि जे बनवावं ते दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. प्रत्येक न्यूट्रॉनमागे किमान एक ट्रिटियम परत मिळालं नाही तर भट्टी स्वतःच्या इंधनाअभावी बंद पडेल. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पात अशा आवरणांचे नमुने तपासून पाहायचे आहेत. तोवर फ्यूजनच्या प्रयोगांना लागणारं ट्रिटियम येतं ते मुख्यतः जड पाण्यावर (म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यावर) चालणाऱ्या अणुभट्ट्यांतून, म्हणजे फिशनमधून.